खाष्ट मालकीण आणि भाडं थकवणारा नायक

खलनायिका म्हटलं की मराठी माणसाला आधी आनंदीबाई आठवते. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. पेशवा तेव्हा अठरा वर्षांचा होता. कट त्यांच्या काकांच्या, राघोबादादांच्या, बाजूने शिजला, तलवारी सुमेरसिंग गारद्याच्या माणसांनी चालवल्या, गादीवर बसले तेही राघोबाच. तरी लोकांच्या जिभेवर राहिलं ते त्यांच्या बायकोचं नाव. हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ तिने केलं म्हणतात. अक्षर बदललेला तो कागद आजवर कुणाला दाखवता आलेला नाही, पण गोष्टीला कागद लागत नाही. राघोबा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. आनंदीबाईंची पुढची वर्षं पुणे दरबाराच्या नजरेखाली गेली. त्या वर्षांत त्यांना काय वाटलं असेल याची चौकशी ना बखरकारांनी केली, ना शाहिरांनी.

याच प्रकरणातून मराठी माणसाला त्याचा एक आवडता नायकही मिळाला. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. पोरवयात साताऱ्याच्या अनगळ सावकाराकडे शागिर्दी केली, पडेल ते काम केलं आणि उशिरा काशीला जाऊन शिकले, असं सांगतात. न्यायाधीश झाल्यावर त्यांनी खुद्द राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून वाईकडे निघून गेले. एका बाजूला वाड्यातली बाई, दुसऱ्या बाजूला धोतर-पागोट्यातला साधा माणूस. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिलं तेव्हा ही जोडी रंगभूमीवर आयती हाताशी होती. त्या काळी आनंदीबाईही पुरुष नटच उभी करत. पुण्याच्या ‘प्रभात’ने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ काढला. त्यात शास्त्रीबुवा झाले गजानन जहागीरदार आणि आनंदीबाई झाल्या ललिता पवार.

गंमत अशी की निकाल राघोबांविरुद्ध लागतो आणि प्रेक्षक घरी जातो तो आनंदीबाईवर दात-ओठ खात. ती बदलेल, रडेल, क्षमा मागेल अशी अपेक्षा तिच्याकडून कुणी ठेवलीच नाही. साध्या माणसाने तिच्या घरावर निवाडा द्यायचा आणि निघून जायचं, एवढंच त्या गोष्टीत होतं. पुढच्या पंधरा-अठरा वर्षांत मुंबईच्या पडद्यावर ही गोष्ट पार बदलली. खाष्ट बाई वितळू लागली. तिला वितळवणारा ना देव होता ना राजा. तो होता बेकार पोरगा, भाडेकरू, नाहीतर कचेरीतला नोकर. आणि या बदलाच्या ऐन मध्यावर हीच ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई उभी होती.

ललिता पवार येवल्याच्या, रेशमा-सुताच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. जन्म १९१६ चा, नाव अंबा. मूकपटांच्या काळातच त्या पडद्यावर आल्या आणि तिशीच्या दशकात नायिका म्हणून नावारूपाला आल्या. नाचत, गात, मारामारीही करत. चित्रपट निर्माण करण्यातही त्यांनी हात घातला. मग १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान पालव, म्हणजे आपले मास्टर भगवान, यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याची नस दुखावली, एक बाजू लुळी पडली. उपचार लांबले आणि त्यातून डावा डोळा कायमचा बारीक राहिला. पंचविशी-सव्विशीतल्या नायिकेचं करिअर एका थपडेत संपलं. भगवानदादांनी ते मुद्दाम केलं नव्हतं आणि पुढे त्यांचंही आयुष्य चढ-उतारांचंच गेलं, हेही सांगायला हवं.

दुसरी एखादी नटी घरी बसली असती. ललिताबाईंनी तो बारीक डोळाच कामाला लावला. कॅमेरा जवळ आला की उजवा डोळा माणसाकडे बघायचा आणि डावा त्याची किंमत करायचा. व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) त्यांनी केलेली सासू बघितली म्हणजे हे पटतं. पृथ्वीराज कपूर मुलीचे वडील, जयश्री सून. हुंडा कमी पडला म्हणून सुनेचे हाल होतात. वडील शेवटी गाड्या भरून सामान आणतात तेव्हा मरणाच्या दारातली मुलगी सांगते की सगळं आणलंत, कफन तेवढं विसरलात. त्या काळी थिएटरात बायका पदर डोळ्याला लावून बसत आणि बाहेर पडताना सासूला शिव्या घालत. घराघरांत कजाग सासूला, नणंदेला, शेजारणीला ‘अगदी ललिता पवार आहे’ म्हणायची पद्धत पडली ती याच काळात. त्यातल्या कित्येकींना त्यांचं येवला ठाऊक नव्हतं, त्यांची नायिकेची वर्षं ठाऊक नव्हती. पडद्यावरचा डोळा ठाऊक होता.

हा साठलेला राग म्हणजे एक ठेवच होती आणि मुंबईच्या काही हुशार दिग्दर्शकांनी ती मोडून वापरली. प्रेक्षक खुर्चीत बसतो तोच मुळी ललिता पवारांवर चिडून. त्यांनी तोंड उघडायच्या आत त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला असतो. मग या बाईला पडद्यावर थोडी माया करू दिली, तर तिचा परिणाम दुसऱ्या कुठल्याही आईच्या मायेपेक्षा दुप्पट होणार. पटकथेत खलनायिकेचं पाप दाखवायला वेळ घालवायची गरजच उरली नाही. ते मागच्या चित्रपटात दाखवून झालं होतं.

नायकाची बाजू समजून घ्यायला मुंबईच्या रस्त्यावर यावं लागतं. फाळणीनंतर शहर फुगलं. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती ३० लाखांच्या आसपास होती, १९६१ मध्ये ती ४१ लाखांवर गेली. जागा मात्र तेवढ्याच. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला, भाडी गोठली, आणि नव्याने येणाऱ्याला पागडीशिवाय खोली मिळेनाशी झाली. ज्याच्याकडे पागडी नाही तो पोटभाडेकरू, कॉट बेसिसवाला, खानावळवाला. कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आलेल्या पोराला सरकार म्हणजे काय ते वर्षातून एकदाही भेटत नसे. गिरणीचा मालक तर त्याने फोटोतच पाहिलेला. त्याच्यावर रोज हुकमत चालायची ती खोलीच्या मालकिणीची, खानावळवालीची, नळावर पाळी लावणाऱ्या बाईची. चित्रपटातली राणी किंवा जादूगारीण त्याला कशाला घाबरवेल? महिन्याच्या एक तारखेला दारात उभी राहणारी बाई त्याला पुरती घाबरवत होती.

राज कपूरच्या ‘श्री ४२०’ मध्ये (१९५५) अलाहाबादकडून मुंबईला आलेला राज फुटपाथवर येतो तेव्हा त्याला भेटते ती केळीवाली. गंगामाई. ललिता पवार. घासाघीस, झिडकारणं, आणि शेवटी त्या भुकेल्या पोराच्या हातात केळी. पिटातल्या प्रेक्षकाला हे बघताना काय झालं असेल याची कल्पना करायला हरकत नाही. ‘दहेज’ला पाच वर्षं झाली होती आणि तीच सासू आता फुटपाथवर बसून एका परक्या पोराला लेकरू मानत होती. पुढे तोच राज कोट घालून ठगांच्या टोळीत जातो आणि शंभर रुपयांत घर देण्याच्या योजनेत गरिबांचे पैसे गोळा होतात. त्यात गंगामाईची पुंजीही अडकते. चित्रपटात वाट चुकलेला तो आहे आणि त्याला वाटेवर आणणाऱ्यांत ती आहे. खलनायिकेचा चेहरा आणि नायकाचा चेहरा यांची अदलाबदल झाली, तीही फुटपाथवर.

मात्र या प्रकारातली सगळ्यात मोठी कामगिरी हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’ची (१९५९). मिसेस डिसा ही एक ख्रिस्ती घरमालकीण. अंगात झगा, तोंडात पट्टा. राज (इथेही राज कपूरच) तिचा भाडेकरू. चित्रं काढतो, नोकरी टिकत नाही, खोटं बोलता येत नाही. बाई त्याला सतत बोलते. पण ते बोलणं आपण ऐकतो तसतसं लक्षात येतं की याला झापणारं या शहरात दुसरं कुणीच नाही. बाकी सगळे त्याला दारातून परत पाठवतात. ही निदान त्याच्याशी भांडते. भाडं थकवणारा आणि भाडं मागणारी यांच्यातलं हे रोजचं भांडण हळूहळू मायलेकरांचं होत जातं, आणि ते नक्की कुठल्या प्रसंगात झालं हे बोट ठेवून सांगता येत नाही. मला हा चित्रपट आवडतो तो यासाठी. तिथे पाया पडणं नाही, ‘मला माफ कर बेटा’ नाही. येवल्याच्या अंबाबाईने झग्यातल्या डिसाबाईचा ठसका असा काही पकडला की गिरगावापासून बांद्र्यापर्यंत ज्याने ज्याने ख्रिस्ती मालकिणीकडे खोली घेतली होती, त्याला ती ओळखीची वाटली असणार.

चित्रपटातला खरा गुन्हेगार वेगळाच आहे. मोतीलालने केलेला रामनाथ, औषधाच्या कंपनीचा मालक. गोड बोलणारा, झकास कपड्यातला. राजला रस्त्यात त्याचं पाकीट सापडतं आणि ते परत द्यायला तो एका बड्या हॉटेलात जातो. भोवतीचे श्रीमंत लोक बघून तो विचारतो, ही माणसं कोण? रामनाथच्या उत्तराचा भावार्थ असा: ज्यांना रस्त्यात पाकिटं सापडली आणि ज्यांनी ती परत दिली नाहीत, ती ही माणसं. हिंदी चित्रपटात श्रीमंतीची इतकी थोडक्यात केलेली व्याख्या मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पुढे शहरात तापाची साथ येते. १९५७ च्या फ्लूच्या साथीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, प्रेक्षकांच्या घरात ती ताजी होती. रामनाथच्या कंपनीचं सदोष औषध घेऊन मिसेस डिसा मरते आणि विष घातल्याचा आळ येतो राजवर.

इथे हृषीदांनी एक धारदार गोष्ट केली आहे. ज्या बाईला आपण सुरुवातीला खलनायिकेच्या रांगेत बसवलं, ती बळी निघते. ज्याला सद्गृहस्थ समजलो, तो तिचा मारेकरी. शेवटी रामनाथ कोर्टात कबुली देतो, तेव्हा कुठे राज सुटतो. मिसेस डिसाच्या वितळण्यावर आपला पूर्ण विश्वास बसतो. रामनाथच्या कबुलीवर माझा तरी बसत नाही. कारण उघड आहे. मालकिणीच्या हातात सत्ता होती ती एका खोलीची. ती सोडून द्यायला तिला एक वेळचं जेवण आणि थोडी लाज पुरेशी होती. रामनाथच्या हातात आख्खा कारखाना होता. असा माणूस कोर्टात उभा राहून खरं बोलतो हे बघायला पिटातल्या प्रेक्षकालाही थोडी जास्तच भाबडी श्रद्धा लागली असेल.

त्याच १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. मूळ कथा सुबोध घोष यांची, बंगालीतली. पण पडद्यावर पाहा: शोभना समर्थांची लेक नूतन, चिकोडीजवळच्या खडकलाटच्या सुलोचनाबाई, सोलापूरच्या शशिकला आणि आपल्या ललिताबाई. बंगाली गोष्टीतल्या चार मुख्य बायका मराठी घरांतल्या. सुजाता अस्पृश्य आई-बापांची अनाथ मुलगी, एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढते. ललिताबाईंची गिरिबाला ही घरात येऊन विटाळाच्या गोष्टी उघडपणे बोलणारी वडीलधारी बाई. तिच्याकडून आपल्याला कसलीच अपेक्षा नसते. चित्रपटाला काळजी आहे ती सुलोचनाबाईंच्या चारूची, म्हणजे त्या घरच्या आईची. चारू प्रेमळ आहे, सुजाताला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण पाहुण्यांपुढे पोटची रमा ही ‘आमची मुलगी’ असते आणि सुजाता ‘मुलीसारखी’. सुलोचनाबाई ते इतक्या सहज म्हणतात की पहिल्या वेळी कानावरून निघून जातं. पडद्यावरची आदर्श आई म्हणून पूजल्या गेलेल्या नटीकडून बिमलदांनी हे काम करून घेतलं आणि खलनायकी प्रेमळ बाईच्या पदराखाली सापडते हे दाखवलं.

शेवटी चारूला रक्त लागतं, घरात कुणाचंच जुळत नाही, जुळतं ते सुजाताचं. मग आई मुलीला जवळ घेते. १९५९ मध्ये लोक इथे रडले आणि चित्रपटाला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. आज पाहताना एक काटा मात्र रुतून राहतो. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये झाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी हिंदू धर्म सोडला होता, कारण कुणाच्या मनपरिवर्तनाची वाट बघायची त्यांची तयारी उरली नव्हती. त्यानंतर तीन वर्षांनी पडद्यावरची सुजाता माणूस म्हणून स्वीकारलं जाण्यासाठी नसेतून रक्त देत होती. वाईट वागणाऱ्या बाईचं मन बदलतं खरं, पण त्याचा खर्च दर वेळी साध्या माणसाच्या खात्यावर पडतो. ‘दहेज’मध्ये सुनेचा जीव, इथे सुजाताचं रक्त. ‘अनाडी’ वेगळा ठरतो तो इथे: राजला मालकिणीचं प्रेम मिळवायला काही अर्पण करावं लागत नाही. तो आहे तसा, भाडं थकलेला, पुरतो.

यानंतर हा प्रकार विनोदाकडे वळला आणि मला वाटतं तिथेच तो सगळ्यात मोकळा झाला. सुबोध मुखर्जींच्या ‘जंगली’त (१९६१) ललिताबाई खानदानी घराच्या मालकीण, आणि त्या घरात हसायला बंदी. मुलगा शेखर म्हणजे शम्मी कपूर, मुलगी माला म्हणजे शशिकला. मुलगा काश्मीरला जाऊन डॉक्टरच्या मुलीच्या प्रेमात पडतो, मुलगी कचेरीतल्या एका साध्या नोकराच्या. आईला सून हवी राजघराण्यातली. कडक शिस्तीच्या घरात दोन मामुली माणसं शिरली की काय होतं, एवढीच गोष्ट. बाईंना शेवटी हार मानावी लागते.

पुढच्याच वर्षी लेख टंडन यांचा ‘प्रोफेसर’ आला, आणि त्यात ललिताबाईंना त्यांच्या उत्तरायुष्यातली कदाचित सगळ्यात अवघड भूमिका मिळाली. नायक प्रीतमची आई क्षयाने आजारी आहे, त्याला नोकरी हवी. सीतादेवी वर्मा यांच्या घरी भाचरांना शिकवायची जागा आहे, पण शिक्षक पन्नाशीच्या पुढचा हवा, कारण घरात तरण्या मुली आहेत. बेकार पोरगा दाढी लावून म्हातारा होतो. सीतादेवी म्हणजे शिस्तीचा चाबूक. मुलांना हसू द्यायचं नाही, बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि हीच बाई त्या दाढीवाल्या मास्तरच्या प्रेमात पडते. आयुष्यभर कुणी आपल्याशी मऊ बोललं नव्हतं, हे तिला चाळिशी-पन्नाशीत कळतं. ती नटू लागते, लाजू लागते.

थिएटरात हशा पिकायचा. पिकायलाच हवा होता. दिग्दर्शकाने तो प्रसंग त्यासाठीच रचलेला आहे. पण ललिताबाई त्या हशाला पूर्ण साथ देत नाहीत. त्या सीतादेवीचं लाजणं खरं करतात. नाटकी मुरका नाही की डोळे मिचकावणं नाही. ज्या बारीक डोळ्याने वीस वर्षं सुनांना भाजून काढलं, तो खाली झुकतो. मग मास्तर हा पोरगा निघतो, तिची फसवणूक उघडी पडते, आणि आपण ज्या नायकाच्या बाजूने इतका वेळ हसलो त्याच्याविषयी क्षणभर शंका येते: नोकरी मिळवायला हे ठीक होतं, पण या बाईच्या मनाशी खेळायचा हक्क याला कुणी दिला? साध्या माणसाला नायक करण्यात ही मेख आहे. तोही कुणाचं तरी वाटोळं करू शकतो. ‘प्रोफेसर’ने ते गाण्यांच्या मधे, हसतखेळत, पण दाखवलं. हृषीकेश मुखर्जींनी तर आदल्याच वर्षी ‘मेम दीदी’त (१९६१) ललिताबाईंना शीर्षकभूमिकाच दिली होती, तिथे ही बाई डेव्हिड आणि जयंत या दोन दांडगोबांना वठणीवर आणते. सुधारणाऱ्याची जागा बाईला आणि सुधारण्याची दादालोकांना. त्याचा प्रभाव मात्र ‘अनाडी’सारखा पडला नाही.

या सगळ्यात शशिकलांचं नशीब उलट्या दिशेने गेलं. ‘सुजाता’तली निर्मळ रमा करणारी मुलगी १९६२ मध्ये राजश्री प्रॉडक्शन्सच्या पहिल्याच चित्रपटात, ‘आरती’त, घर फोडणारी जाऊ झाली. पुढच्या वर्षी बी. आर. चोप्रांच्या ‘गुमराह’मध्ये नायिकेला धमकावून पैसे उकळणारी लीला. दोन्हींना फिल्मफेअर मिळालं आणि नायिकेची दारं बंद झाली. ‘गुमराह’चा शेवट मजेदार आहे: ही धमकावणारी बाई नायिकेच्या नवऱ्यानेच नेमलेली त्याची सेक्रेटरी निघते. म्हणजे खलनायिकाही पगारी. पुढे काही वर्षं शशिकलांनी मदर तेरेसांच्या संस्थेत सेवा केली तेव्हा वर्तमानपत्रांना ही पडद्यावरच्या पापाची भरपाई वाटली. खरं तर भरपाई करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. काम केलं होतं, चोख केलं होतं.

सत्तरीत नायक बदलला. तो मालकिणीचं मन जिंकत बसेना, गोदामाला आतून कडी लावून मारामारी करू लागला. त्याचा शत्रू आता तस्कर होता, आणि खलनायिका त्याच्या बगलेत ग्लास घेऊन उभी. हृषीदांनी ‘आनंद’मध्ये (१९७१) ललिताबाईंना पुन्हा आणलं आणि हॉस्पिटलच्या कडक मेट्रनला नाव दिलं डिसा. ज्यांना ‘अनाडी’ आठवत होता त्यांच्यासाठी तेवढं नावच पुरे होतं. मरणाच्या दारातला एक थट्टेखोर रोगी तिला आई करून टाकतो, चारदोन प्रसंगांत. पण ती जुन्या घराण्याची शेवटची मोठी चीज.

मग २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं, आणि सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. रस्ते ओस पडत. नव्या पिढीला त्यांची ओळख झाली ती याच रूपात. मंथरेला तुलसीदासांनी मात्र पुरती दोषी धरलेलं नाही. देवांनी सरस्वतीला पाठवून तिची बुद्धी फिरवली, असं ते सांगतात. ही सूट आनंदीबाईला कुठल्याच लेखकाने दिली नाही. देवाने फिरवलेल्या बाईला क्षमा करणं तसं सोपं असतं. मिसेस डिसाला कुणी फिरवलेलं नव्हतं, म्हणून तिचं वळणं मोठं.

मराठीत ही परंपरा पुढे आली ती उषा नाडकर्णींच्या हातून. विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’त (१९९१) अलका कुबल यांना छळणारी सासू त्यांची. गावोगाव त्या सासूला बायकांनी ‘दहेज’च्या सासूसारख्याच शिव्या घातल्या. आणि २००९ मध्ये झी टीव्हीवर ‘पवित्र रिश्ता’ आली तेव्हा त्याच उषाताई सविता देशमुख झाल्या. त्या आधीची आठ-नऊ वर्षं हिंदी मालिकांत हवेल्या होत्या, जरीच्या साड्या होत्या आणि कपाळावर नागमोडी टिकली लावलेल्या खलनायिका होत्या. त्या सुधारत नसत, कारण सुधारल्या तर मालिका थांबली असती. ‘पवित्र रिश्ता’ चाळीतल्या मराठी घरांत शिरली. नायक मानव गॅरेजमधला मेकॅनिक. त्याची आई तोंडाळ, पैशाची हावरी, सुनेच्या मुळावर उठलेली, आणि तरी पोराने डबा नेला का नाही याची चिंता करणारी. मालिका २०१४ पर्यंत चालली. तेवढ्या काळात सविता बदलली, परत बिघडली, परत बदलली, आणि लोकांनी तिला घरातलीच धरून टाकलं. साठ वर्षांपूर्वीच्या हिशेबानेच हे घडलं: मागच्या चित्रपटाचा राग जमेला, समोर साधा कमावता पोरगा, आणि भांडण चाळीतल्या एका खोलीवरून.

ललिता पवार २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात गेल्या. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सातशेच्या घरात चित्रपट. लोकांनी त्यांना सासू म्हणून लक्षात ठेवलं आणि मंथरा म्हणूनही. फिल्मफेअर त्यांना आयुष्यात एकदाच मिळालं. ते मिसेस डिसासाठी.